माया ठेवली असेल तरच ग्राहकाला विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक तरुण बांधकाम व्यावसायिक दोन इमारतींत मिळून १६८ फ्लॅट बांधणार आहेत. काम ॲल्युमिनियमच्या शटरिंगवर (काँक्रीट ओतायच्या साच्यावर), म्हणजे साइटवर सगळे ज्याला ‘मायवान’ म्हणतात त्यावर, करायचा विचार आहे. चौकशीला येणारा प्रत्येक जण विचारतो, “आमच्यासाठी एवढं बदलून द्याल का?” वडिलांचं म्हणणं, नकाशा एकच, घ्यायचा तर घ्या. मुलाला वाटतं की ग्राहकाला डिझाइनमध्येच सामील करावं, पण वेग आणि खर्च हाताबाहेर जायला नको. हे जमतं का? टाइल्स, नळ, रंग निवडायचं ॲप करून घेतलं तर पुरेल का?

ॲपचं आधी सांगून टाकते. करायचं तर करा, पण टाइल निवडणं म्हणजे डिझाइनमध्ये सहभाग नाही, ती खरेदी आहे. मी अठ्ठावीस वर्षं पुणे-नाशिक पट्ट्यात गृहप्रकल्पांचं काम करते. ताबा दिल्यानंतर लोक जे बोलतात त्यात टाइलचा विषय क्वचितच निघतो. कपाट ठेवलं की दार पूर्ण उघडत नाही, पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळवायला जागा नाही, रात्री आजी उठली की बाथरूमला जायला हॉलमध्ये झोपलेल्या पाहुण्यांना ओलांडून जावं लागतं, असलं ऐकायला मिळतं. यातलं काहीही ॲपवर निवडता येत नाही, आणि हे सगळं स्लॅब पडायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

आमच्या लहानपणी शिंपी मुलींचं परकर-पोलकं शिवताना आत माया ठेवायचा. पुढच्या वर्षी उसवून वाढवता यावं म्हणून. पण ती सगळीकडे नसायची. कडेला आणि खाली असायची, गळ्याला नसायची, कारण गळ्याला ठेवून उपयोग नव्हता. इमारतीचंही तेच. कुठे माया ठेवायची आणि कुठे नाही हे ग्राहक येण्याआधी तुम्हाला ठरवावं लागतं. ती ठेवलेली नसेल तर ग्राहकाला बोलावून चहा पाजून मत विचारण्यात अर्थ नाही. त्याने दिलेलं मत घालायला जागाच नसते.

मायवानमध्ये भिंती आणि स्लॅब एकाच वेळी भरतात. सात ते दहा दिवसांत मजला उठतो, प्लास्टरची गरज जवळजवळ उरत नाही, म्हणून सगळे त्यावर खूश. पण त्यात बेडरूम आणि हॉल यांच्यामधली भिंतही काँक्रीटचीच होते. विजेचे पाइप, स्विचचे डबे, एसीच्या पाइपचं भोक, सगळं शटरिंग बांधतानाच आत घालावं लागतं. नंतर कुणी “ही भिंत दीड फूट सरकवा” म्हणालं तर उत्तर नाही एवढंच असतं. त्यातही वरचे सगळे मजले त्याच साच्यावर, म्हणजे पहिल्या मजल्याला जे ठरलं तेच चौदाव्याला. तुमच्या वडिलांचं ‘घ्यायचं तर घ्या’ हे हट्टाने आलेलं वाक्य नाही. तुम्ही निवडलेल्या पद्धतीत ते आधीच बसलेलं आहे.

मधला रस्ता आहे, आणि तो मी दोनदा वापरला आहे. बाहेरच्या, दोन फ्लॅटमधल्या, लिफ्ट-जिन्याभोवतीच्या भिंती काँक्रीटच्या ठेवायच्या, आणि फ्लॅटच्या आतल्या निवडक भिंती साच्यातून वगळून नंतर एएसी ब्लॉकमध्ये, म्हणजे हलक्या काँक्रीटच्या विटांत, बांधायच्या. हे करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरबरोबर दोन दिवस बसावं लागतं, कारण भूकंपाचा आणि वाऱ्याचा भार ज्या भिंतींवर टाकला आहे त्या काढता येत नाहीत. प्रत्येक वगळलेल्या भिंतीमागे थोडा वेळ वाढतो, तेही खरं. पण दोन बीएचकेत साधारण दोन भिंती मोकळ्या ठेवल्या तरी घर किती तऱ्हांनी वापरता येतं हे पाहून आमचा इंजिनिअरही चकित झाला होता. ओले भाग, म्हणजे टॉयलेट, बाथरूम, स्वयंपाकघर, मात्र अजिबात हलवू द्यायचे नाहीत. तुमचं टॉयलेट खालच्याच्या स्वयंपाकघरावर आलं की तो शेजारी आयुष्यभराचा वैरी.

हा विचार काही माझा नाही. नेदरलँड्समध्ये वास्तुरचनाकार जॉन हाब्राकेन यांनी १९६१ साली तो मांडला. युद्धानंतर तिथे एकसारख्या घरांच्या रांगाच्या रांगा उठत होत्या, आणि त्यांचं म्हणणं होतं की राहणारा माणूस या सगळ्या व्यवहारातून बाहेर फेकला गेला आहे. त्यावर त्यांनी इमारतीचे दोन भाग केले. एक सगळ्यांचा, दीर्घकाळ टिकणारा सांगाडा. दुसरा ज्याच्या-त्याच्या मालकीचा, बदलता येणारा आतला भाग. म्हणजे प्रश्न आवडीनिवडीचा राहिला नाही, निर्णय कुणाच्या हातात हा झाला. पुढे सत्तरच्या दशकात पापेंड्रेख्त गावात मोलेनव्लीट ही वसाहत फ्रान्स फान डर वेर्फ यांनी याच तत्त्वावर केली. घरं सव्वाशेच्या आसपास, तीही भाड्याची. प्रत्येक कुटुंबाने वास्तुरचनाकाराबरोबर बसून आपलं आतलं घर स्वतः आखलं. भाडेकरूला एवढा मान! आपल्याकडे ऐंशी लाख मोजणाऱ्यालाही स्विच कुठे हवा हे कुणी विचारत नाही.

ओसाकामध्ये १९९३ साली नेक्स्ट-२१ नावाची १८ घरांची इमारत झाली, ती याच विचाराची प्रयोगशाळा. तिथल्या घरांची नंतरही मोडतोड करून नव्याने रचना केली गेली, सांगाड्याला हात न लावता. पण एवढ्या लांब जायची गरज नाही. एखाद्या रविवारी नवी मुंबईतल्या बेलापूरला जाऊन वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचं आर्टिस्ट्स व्हिलेज पाहून या. ऐंशीच्या दशकातलं काम. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, तसे तीन गट मिळून त्याहून मोठं अंगण. घरांच्या भिंती शेजाऱ्याशी जोडलेल्या नाहीत, हेच त्यातलं कसब. ज्याला खोली वाढवायची त्याने गवंडी बोलवावा आणि वाढवावी, शेजाऱ्याची परवानगी नको. आज तिथली बरीच मूळ घरं पाडून लोकांनी दोन-तीन मजली बंगले उठवले आहेत. वास्तुरचनेचे विद्यार्थी ते पाहून हळहळतात. मला हळहळ वाटत नाही. अंगणं बहुतेक ठिकाणी शाबूत आहेत; जे सगळ्यांचं होतं ते टिकलं, जे एकेकट्याचं होतं ते बदललं. माया जिथे ठेवली होती तिथूनच कपडा वाढला.

आता कायद्याचं. तुम्ही महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी केल्याशिवाय जाहिरात करू शकत नाही, आणि नोंदणीच्या वेळी मंजूर नकाशे द्यावे लागतात. म्हणून बरेच जण म्हणतात की बदल करताच येत नाही. तसं नाही. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ज्याने फ्लॅट घेतला आहे त्याच्या संमतीशिवाय त्याच्या फ्लॅटमध्ये बदल करता येत नाही. त्याने स्वतः मागितलेले किरकोळ बदल करायला त्याच कलमात वाट आहे. इमारतीच्या आराखड्यात किंवा सामायिक जागेत बदल करायचा तर मात्र दोनतृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. माझा सल्ला असा की प्रत्येक प्रकारच्या फ्लॅटचे दोन-तीन आतले नमुने सुरुवातीलाच नकाशात दाखवून मंजूर करून घ्या. महापालिकेत एकदाच खेटे पडतात. आणि एक गोष्ट वडिलांना नक्की सांगा: ताब्यानंतर पाच वर्षं सदोष कामाची जबाबदारी तुमची असते. ग्राहकाने ताबा घेतल्यावर बाहेरच्या गवंड्याकडून बाथरूम फोडून घेतलं आणि खाली गळती झाली, तर ती कुणाची यावर वाद होणारच. तोच बदल तुम्ही आधी, तुमच्या माणसांकडून, वॉटरप्रूफिंगच्या आधी केला असता तर वादाला जागा उरत नाही. सहभागाचा हा फायदा जाहिरातीत येत नाही, पण मला सर्वांत मोठा तोच वाटतो.

विचारायचं कसं, हा माझ्या दृष्टीने खरा विषय.

सुरुवातीच्या काळात मी एका प्रकल्पासाठी चार पानांचा फॉर्म केला होता. ‘तुम्हाला ओपन किचन आवडेल का?’ हो. ‘स्टडी रूम?’ हो. ‘मोठी बाल्कनी?’ हो. सगळ्याला हो! फुकट मिळतंय म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? आम्ही अभिमानाने सगळ्यांना ओपन किचन दिलं. दोन वर्षांनी त्या सोसायटीत गेले तर जवळजवळ प्रत्येक घरात ओट्याच्या पुढे काचेचं नाहीतर प्लायवुडचं पार्टिशन उभं. एका काकूंनी सरळच सांगितलं, “फोडणीचा वास गाद्यांत बसतो हो. तुम्ही विचारलं तेव्हा टीव्हीतलं आठवलं, म्हणून हो म्हटलं.”

तेव्हापासून ‘काय आवडेल’ हा प्रश्न मी बंद केला. मी लोकांच्या सध्याच्या घरी जाते. तुमच्याकडे ज्यांनी चौकशी केली आहे त्यांतली दहा-बारा कुटुंबं निवडा, भाड्याने राहणारी, आईवडील बरोबर असलेली, नुकतं लग्न झालेली, सगळी मिसळून. त्यांच्या घरी तासभर बसा आणि फक्त काल काय झालं ते विचारा. काल सकाळी पहिलं कोण उठलं, कुठे गेलं. डबे कुठे भरले. धुणं कुठे वाळलं. काल पाहुणा आला तर चपला कुठे काढल्या. मिक्सर कुठल्या प्लगला लावला. पाण्याचं पिंप अजून आहे का, आणि आहे तर नळाला चोवीस तास पाणी असूनही का आहे. गणपती कुठे बसतो आणि त्या दहा दिवसांत कुठलं फर्निचर कुठे जातं. फोटो परवानगी घेऊन काढा. या बारा घरांत तुम्हाला जे दिसेल ते हजार फॉर्म भरून कळणार नाही.

अजिबात न विचारल्यावर काय होतं ते आपण किल्लारीत पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जी गावं उठवून नवीन जागी वसवली, तिथे घराचं माप कुटुंबाच्या जमिनीवरून ठरलं, २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. गावं सरळ रेषेत, रुंद रस्त्यांची. जुन्या गावातल्या गल्ल्या, भावकी, गुरांचा गोठा, ओसरी यांना त्या आखणीत फारशी जागा नव्हती. तातडी होती, हेतू चांगला होता, हे मान्य. पण त्याच पुनर्वसन कार्यक्रमात ज्या गावांत लोकांनी आपली घरं आपल्याच जागी, स्वतःच्या देखरेखीखाली दुरुस्त आणि मजबूत करून घेतली, त्यांची संख्या कितीतरी मोठी होती, आणि तिथे घराचा मालक पहिल्या दिवसापासून कामावर उभा होता. आमच्या पिढीच्या अनेकांनी सहभाग म्हणजे काय ते तिथे शिकलं.

दुसरी युक्ती चिंचोक्यांची. कुटुंबाला वीस चिंचोके द्यायचे. समोर टेबलावर चित्रांचे कागद मांडायचे: एक फूट जास्त रुंद स्वयंपाकघर, कपडे वाळवायची झाकलेली जागा, दुसऱ्या बाथरूमऐवजी भांडारघर, बेडरूममध्ये भिंतीतलं कपाट, वाढीव माळा. प्रत्येक कागदावर किती चिंचोके लागतात ते खर्चाच्या प्रमाणात लिहिलेलं. आता मांडा. लगेच घरात भांडण सुरू होतं आणि ते भांडण ऐकण्यासारखं असतं! वीसमध्ये सगळं बसत नाही, मग काय सोडायचं यावर नवरा-बायको, सासू-सून खरं बोलतात. चिलीमध्ये आलेहान्द्रो अरावेना यांच्या एलेमेंटल या वास्तुरचनाकारांच्या गटाने गरीब कुटुंबांसाठी घरं करताना असाच पेच लोकांपुढे ठेवला होता. पैशात पाणी तापवायचा गिझर बसेल नाहीतर बाथटब, काय हवं? तज्ज्ञांना वाटलं होतं गिझर. कुटुंबं म्हणाली टब. गॅसचं बिल भरायला पैसे नसताना गिझर काय कामाचा, तो विकावाच लागला असता. हे उत्तर बाहेरून कुणालाही सुचलं नसतं.

घरातलं कोण बोलतंय याकडे लक्ष ठेवा. सेल्स ऑफिसमध्ये खुर्चीवर नवरा बसतो, सही तो करतो, कर्ज त्याच्या नावावर असतं, आणि ओट्याची उंचीही तोच सांगून मोकळा होतो. मी नेहमी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला वेगळं बोलावते. माझी उंची पाच फूट आहे. ३४ इंचांच्या ओट्यावर पोळ्या लाटल्या की माझे खांदे दुखतात. ओटा दोन इंच खाली घ्यायला तुम्हाला एक पैसाही जास्त लागत नाही, फक्त टाइल लावायच्या आधी कळायला हवं. असे फुकटातले बदल आधी शोधा. दिव्याच्या बटणांची उंची, दार डावीकडे की उजवीकडे उघडतं, वॉशिंग मशिनचा नळ कुठे, बाथरूममध्ये म्हाताऱ्यांना धरायला दांडी बसवता यावी म्हणून भिंतीत आधार. लोकांना याचं जेवढं अप्रूप वाटतं तेवढं इटालियन मार्बलचं वाटत नाही.

नकाशा दाखवून विचारू नका. शंभरातल्या नव्वदांना नकाशा वाचता येत नाही, आणि लाजेपोटी ते मान डोलावतात. ऐंशीच्या दशकात मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी, स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन ही बायकांची संघटना यांच्या कामातून, आपलं घर कसं हवं ते ठरवताना लाकूड आणि कापड लावून पूर्ण मापाचं घर उभं केलं होतं. त्यात शिरून, बसून, हात पसरून त्यांनी ठरवलं की जमीन वाढत नसेल तर छत चौदा फूट उंच हवं, म्हणजे आत माळा टाकता येईल. हे कागदावर कुणाला सुचलं असतं? जपानमध्ये सेकिसुई हाऊस कंपनीचं क्योतोजवळ एक केंद्र आहे, तिथे घर घेणारे लोक वेगवेगळ्या उंचीचे ओटे, वेगवेगळ्या चढाचे जिने वापरून पाहतात, व्हीलचेअरवर बसून दारातून जाऊन पाहतात. तुम्हाला एवढं केंद्र उभारायला नको. साइटवर सपाट जागा शोधा, चुन्याच्या फक्कीने एका फ्लॅटची खऱ्या मापाची आखणी करा, भिंतींच्या जागी बांबू आणि शेडनेट, फर्निचरच्या जागी पुठ्ठ्याची खोकी. शनिवार-रविवारी कुटुंबांना बोलवा. मुलं लगेच धावत सुटतात, आणि कुठे अडखळतात ते दिसतं.

आणि कृपा करून सॅम्पल फ्लॅटमध्ये लहान मापाचा पलंग ठेवू नका. हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे: पलंग पावणेसहा फुटी, दारं काढून टाकलेली, कपाट नावाला. खोली मोठी वाटते, बुकिंग होतं, आणि ताब्यानंतर ग्राहक आपला सव्वासहा फुटी पलंग आणि गोदरेजचं कपाट घेऊन येतो तेव्हा ते बसत नाही. ज्याला सहभाग हवा आहे त्याने आधी फसवणं थांबवावं.

पर्याय किती द्यायचे? थोडे. आठ गोष्टी आणि प्रत्येकीत पाच पर्याय म्हटलं की ५ चा ८ वा घात, म्हणजे ३,९०,६२५ तऱ्हा. १६८ फ्लॅटसाठी! तुमचा स्टोअरकीपर पळून जाईल. त्याऐवजी आतली मांडणी तीन तऱ्हांची, स्वयंपाकघर दोन, बाथरूम दोन, झाल्या बारा. बारा तऱ्हा मिस्त्रीच्या डोक्यात राहतात, आणि ग्राहकाला आपलं घर आपण ठरवल्यासारखं वाटतं, कारण मोठा निर्णय त्याने खरोखर घेतलेला असतो. जपानमधल्या कारखान्यात घरं बनवणाऱ्या कंपन्याही हेच करतात. त्यांचे तयार नकाशे असतात, पण ते बोलणं सुरू करण्यापुरते. मग विक्री करणारा माणूस कुटुंबाबरोबर अनेक बैठका घेतो आणि ठरलेल्या भागांच्या चौकटीतच नकाशा बदलत जातो. निवड भरपूर दिसते, भाग ठरलेलेच असतात. इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी, मूळचे आपल्या पुण्याचेच ते, जोतं आणि नळ-संडासाचा गाभा दिला, आणि ऐंशी नमुना घरं बांधून दाखवली. त्यातून घर कसकसं वाढू शकतं हे बघून लोकांनी पुढचं आपापलं केलं. नमुना असा असावा, ‘हेच घ्या’ म्हणणारा नको.

तारखा. सगळं घोडं इथे पेंड खातं. आमच्या साइटवर ‘कुलूप-तारीख’ असा शब्द रूढ झाला आहे. आतल्या भिंतींची तऱ्हा ठरवायची कुलूप-तारीख त्या मजल्याच्या शटरिंगच्या सहा आठवडे आधी. विजेचे पॉइंट काँक्रीटच्या भिंतींत असतील तर तेव्हाच, ब्लॉकच्या भिंतीत असतील तर ब्लॉकचं काम सुरू व्हायच्या आधी. ओट्याची उंची आणि टाइल सगळ्यात शेवटी. ही यादी बुकिंगच्या दिवशी छापील द्यायची, तारखेच्या पंधरा दिवस आधी फोन करायचा, आणि तारीख गेली की कुलूप. स्वतःच्या मेव्हण्यासाठीही उघडायचं नाही. ज्याने काहीच कळवलं नाही त्याला ठरलेली तऱ्हा मिळते, आणि असे लोक भरपूर असतात, काही तर फक्त गुंतवणूक म्हणून घेणारे असतात. म्हणून ती ठरलेली तऱ्हा सगळ्यात चांगली असली पाहिजे, उरलीसुरली नव्हे.

पैशांच्या बाबतीत एकच अट, पण ती पाळाच. वाढवलेल्या गोष्टीचे पैसे घेता तसे काढलेल्या गोष्टीचे परत द्या. एकदा एका ग्राहकाने दुसऱ्या बाथरूमचं भांडारघर करून मागितलं. फरशी कमी, भांडी कमी, नळ कमी, तरी बिल्डरने ‘बदल शुल्क’ लावलं. त्या माणसाने सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं आणि पुढचे दोन महिने आमचा कुणी फोन उचलेना. प्रत्येक तऱ्हेचा फरक, अधिक असो वा उणा, दरपत्रकातच छापा.

ठरलेलं मिस्त्रीपर्यंत पोचवणं हे सर्वांत दुर्लक्षित काम. ग्राहकाचं सगळं ऑफिसच्या संगणकात नीट असतं, आणि ११०४ नंबरच्या फ्लॅटमध्ये टाइल लावणारा कारागीर ओडिशाचा, त्याला मराठी वाचता येत नाही, इंग्रजीही नाही. आम्ही प्रत्येक फ्लॅटच्या दाराच्या चौकटीला एकच लॅमिनेट केलेला कागद टांगतो. त्यावर शब्द जवळजवळ नाहीत. मोठा नकाशा, ठरलेल्या तऱ्हेचा रंग, ओट्याची उंची ठळक आकड्यात, टाइलचा प्रत्यक्ष तुकडा चिकटवलेला. ठेकेदार बदलला, सुपरवायझर बदलला तरी कागद तिथेच. चुका अगदी शून्य झाल्या असं म्हणणार नाही, पण फोडाफोडीचा खर्च एवढा खाली आला की बिल्डरनेच लॅमिनेशनचं मशिन विकत घेतलं.

वास्तूचं नाव निघणारच. आग्नेयेला स्वयंपाक, पूर्वेकडे तोंड करून शेगडी. माझा त्यावर विश्वास नाही, पण त्यावर ग्राहकाशी वाद घालायला मी बसलेली नाही. तीन तऱ्हांपैकी एकीत हे आधीच सोडवून ठेवा, भांडण संपतं. ग्रिलचंही तसंच: तुम्ही दिली नाही तर प्रत्येक जण आपली बसवणार आणि इमारतीचा चेहरा पंचरंगी होणार. कपडे वाळत घालायच्या सोयीसकट ग्रिलचा एकच नमुना करा आणि तो मात्र ग्राहकांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर ठरवा. सांगाडा, अग्निसुरक्षा, वॉटरप्रूफिंग यांवर मत मागू नका. तिथे तुम्ही डॉक्टर आहात.

ताबा देताना किल्लीबरोबर एक घडीचा नकाशा द्या. भिंतींत कुठून पाइप आणि वायर गेल्या आहेत, कुठली भिंत काँक्रीटची म्हणून कधीच फोडायची नाही, कुठली ब्लॉकची म्हणून उद्या मूल मोठं झाल्यावर काढता येईल. येरवड्यात झोपडपट्टीतल्या घरांच्या पुनर्बांधणीसाठी जो आराखडा मांडला गेला होता त्यातले नमुने मला यासाठी आवडतात. एकात खालचा मजला दुकानासाठी वा गाडीसाठी मोकळा, एकात मधला मजला रिकामा ठेवून पुढे भरायचा, एकात वर मजला चढवता येईल एवढी ताकद आधीच. राहणाऱ्याला पुढची दहा वर्षं दिसतील असं काहीतरी हातात असावं लागतं. फ्लॅटमध्ये ते शक्य नाही म्हणून निदान तो नकाशा द्या.

मग वर्षाने परत जा. पेढे घेऊन जा, म्हणजे दार उघडतात. लोकांनी काय फोडलं, काय जोडलं, कुठे खिळे मारले, कुठे दोरी बांधली ते मोजा. मी दर प्रकल्पानंतर हे करते आणि पुढच्या प्रकल्पाच्या तीन तऱ्हा त्या वहीतून निघतात.

तुम्ही लिहिलंय की शटरिंगची ऑर्डर दिवाळीनंतर द्यायची आहे. एकदा साचा बनून आला की त्यात भिंत वगळायची तर नव्याने पॅनल करावे लागतात आणि तिथे खरा खर्च होतो. तेव्हा ती ऑर्डर थांबवून आधी बारा घरांना भेटी, मग इंजिनिअरबरोबर बैठक, मग फक्कीची आखणी, असा क्रम लावा. दीड महिना पुरतो. वडिलांनाही एखाद्या घरी बरोबर न्या. माझा अनुभव असा की जुन्या बिल्डरांना फॉर्म दाखवून पटत नाही, पण कुणाच्या तरी गॅलरीत प्लास्टिकच्या पिंपाशेजारी उभं राहून ओल्या चादरीखालून वाकून जावं लागलं की ते स्वतःच टेप मागतात.